कानाची तालीम

आषाढी पौर्णिमेच्या दुपारी एका गायनगुरूंच्या घरी बसलो होतो. पुढच्या खोलीतलं सामान आत सरकवून सतरंज्या अंथरलेल्या, कोपऱ्यात व्यासपूजेचा पाट, त्यावर चाफ्याची फुलं आणि गुरुजींच्या गुरुजींचा कडा पिवळ्या पडलेला फोटो. सकाळपासून शिष्यांची हजेरी चालू होती. तिसऱ्या प्रहरी सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी मुलतानी गायला बसली. गळा फिरता, तयारी उत्तम. द्रुत सुरू झाल्यावर तिनं अशी काही सपाट तान घेतली, की दारात चपलांपाशी उभी असलेली पालकमंडळीही टाळ्या वाजवू लागली. गुरुजी मात्र मान खाली घालून ऐकत होते. गाणं संपलं, मुलगी पाया पडायला वाकली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तान झाली गं. आता मुलतानी ऐकव."

मुलीचा चेहरा उतरला. गुरुजींनी तिला पुन्हा बसवलं आणि फक्त तीव्र मध्यमावरून गंधारावर यायला सांगितलं. "तोडीत गेलीस. एवढा खाली नको. मध्यमाचं बोट धरून येऊ दे त्याला." तिनं लावला. "नाही." पुन्हा लावला. "नाही." सात-आठ वेळा असं झालं. लोक चुळबुळू लागले. आणि एकदा तो गंधार असा आला, की मागे तंबोऱ्यावर बसलेल्या थोरल्या शिष्याच्या तोंडून नकळत "हां" निघून गेलं. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या शिष्याचं नाव पुकारलं.

टाळ्या तानेला पडल्या होत्या. "हां" आलं ते एका गंधाराला. पेटीवर पाहिलं तर तोडीचा आणि मुलतानीचा गंधार एकाच पट्टीवर सापडतो. दोन्ही रागांत रिषभ, गंधार, धैवत कोमल, मध्यम तीव्र, निषाद शुद्ध. कागदावर लिहिले तर स्वर तेच. पण तोडीचा गंधार अतिकोमल, खाली झुकलेला. मुलतानीचा त्याहून किंचित चढा आणि मध्यमाच्या मिंडेतून उतरणारा. हा फरक सांगून कळत नाही. ज्याला तो आधीच ऐकू येतो अशा माणसाजवळ बसून ऐकावा लागतो, आणि कितीतरी दिवस तो ऐकूच येत नाही. गुरुपौर्णिमेला आपण म्हणतो, की गुरूनं विद्या दिली, गळा तयार करून घेतला. मला वाटतं, गाण्यातल्या गुरूचं पहिलं आणि सगळ्यात मोठं देणं म्हणजे कान. चांगलं काय आणि कमअस्सल काय हे ओळखण्याची ताकद. आज या दिवशी तिच्याबद्दलच लिहावंसं वाटतं, कारण गाणारे गळे आपल्याकडे भरपूर तयार होत आहेत आणि हे कान मात्र विरळ होत चालले आहेत.

गवई मंडळी आपसात बोलतात ती भाषा नीट ऐकली पाहिजे. "आवाज काय गोड आहे!" असं आपण बाहेरचे लोक म्हणतो. गवयाच्या तोंडी एखाद्याबद्दल "गळा चांगला आहे" एवढंच आलं, तर समजावं की गाण्याबद्दल बोलण्यासारखं फारसं सापडलेलं नाही. तो म्हणेल, "सूर लागतो त्याचा." सूर 'लागतो', म्हणजे गाणाऱ्यानं जोर करून लावण्यापेक्षा तो आपणहून येऊन बसतो, दिवा लागतो तसा. तो म्हणेल, "चीज भरतो," "सम काय आणली!", "रागाला धक्का लावला नाही," "बैठक आहे गाण्याला." यातला प्रत्येक शब्द काहीतरी नेमकं मोजतो. चीज भरणं म्हणजे बंदिशीच्या चौकटीत आवर्तन असं फुलवणं, की पोकळ जागा राहू नये आणि गर्दीही होऊ नये. सम आणणं म्हणजे मात्रा मोजत समेवर आदळणं नव्हे. विलंबितात मुखडा असा उचलायचा, की सम येणार हे ऐकणाऱ्याच्या अंगाला आधी कळावं आणि तरी ती आल्यावर मान हलावी. साथीचा तबलजी ज्याच्या गाण्यात स्वतःहून हसतो, त्याची लय पक्की आहे असं खुशाल समजावं.

आवाज आणि गाणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपल्या परंपरेनं फार मोठी किंमत मोजून शिकून घेतलं आहे. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत बसला. अतिगाण्यानं गळा गेला आणि पुढे परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला झेपेल, शोभेल अशी पेचदार, लयीत गुंतलेली गायकी त्यांनी नव्यानं उभी केली, आणि कोल्हापूरच्या दरबारात राहून ती पिकवली. आज जिला आपण जयपूर-अत्रौली गायकी म्हणतो, तिच्या मुळाशी असा एक बसलेला आवाज आहे. कुमार गंधर्वांचं ऐन तारुण्य क्षयरोगानं खाल्लं. देवासला अंथरुणावर पडून काढलेल्या वर्षांनंतर ते गायला बसले, तेव्हा दम पूर्वीसारखा राहिला नव्हता, पण त्या तुटक, झेपावणाऱ्या गाण्यानं एक पिढी भारून गेली. फक्त गोडवा हेच माप असतं तर ही दोन्ही माणसं बाजूला पडली असती.

आणि माप एकच नसतं, हेही तितकंच खरं. किराण्याचा गवई एकेका सुराला वेळ देतो; त्याच्या कानाला आधी सुराची गोलाई हवी. आग्र्याच्या माणसाला तेच गाणं लयीत सैल वाटतं; त्याला बोलांची फेक हवी, लयीशी झोंबाझोंबी हवी. ग्वाल्हेरवाला विचारतो, बंदिश कुठे आहे? अस्ताई-अंतरा सरळ, स्वच्छ मांडल्याशिवाय हा पुढे कसा गेला? जयपूरवाला तान ऐकताना ती आवर्तनात कशी गुंफली आहे ते पाहतो. एका घराण्याचा गुण दुसऱ्या घराण्यात उणीव ठरू शकतो. वामनराव देशपांडे व्यवसायानं चार्टर्ड अकाउंटंट, आणि गाणं मात्र मोगूबाई कुर्डीकरांकडे बसून शिकलेले. १९६१ साली आलेल्या 'घरंदाज गायकी'त त्यांनी ही सगळी मापं एका रेषेवर मांडून दाखवली : एका टोकाला स्वर, तिथे किराणा; दुसऱ्या टोकाला लय, तिथे आग्रा; आणि दोहोंचा तोल साधणारं जयपूर मध्यावर. त्यांचा स्वतःचा ओढा जयपूरकडे होता हे उघड आहे, आणि त्या मांडणीवर वाद झाले ते योग्यच झालं. पण आपल्याला काय आवडतं ते का आवडतं, हे इतक्या सचोटीनं तपासून पाहणारं पुस्तक कुठल्याही भाषेला अभिमान वाटावा असं आहे.

त्याहून मोठी गोष्ट भास्करबुवा बखल्यांनी आधीच करून दाखवली होती. बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्र्याचे नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ, अशा तिघांकडे ते शिकले. तीन घरांची मापं एका कानात मावतात, आणि माणूस गोंधळण्याऐवजी अधिक स्वच्छ ऐकू लागतो, याचा हा पुरावा. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांच्या गाण्यातून तो कान महाराष्ट्राच्या घराघरांत गेला. नाट्यपदात एखादी हरकत कमी पडली तर पिटातला सामान्य प्रेक्षकही अस्वस्थ व्हायचा, असं जुनी माणसं सांगतात. त्यामागे ही तालीम होती.

गुणाची पारख कशी होते हे मला सगळ्यात जवळून पाहायला मिळालं ते मैफलीत नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत, एका कारागिराच्या दुकानात. तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या शेतांतून. ज्या वाटेनं वारकरी चालत जातात, त्याच मुलुखातली ही वेल. वाळलेले भोपळे छताला टांगलेले होते. खाली एक तयार तंबोरा आडवा ठेवून तो जवारी लावत होता. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला नजरेला कळणार नाही इतका उतार असतो, आणि तार त्या उताराला कुठे, किती लांब घासून थरथरते यावर तंबोऱ्याचं सगळं बोलणं अवलंबून. त्यानं कानशीचे दोन हात मारले, तार चढवली, छेडली, कान तिरका केला. "बंद आहे अजून." तार उतरवली, पुन्हा दोन हात. "बंद आहे." तिसऱ्या-चौथ्या खेपेपर्यंत मला फरक कळत होता, पुढे कळेना. त्याला कळत होता. मग त्यानं तारेखाली सुताचा दोरा घातला आणि केसभर पुढे, केसभर मागे सरकवू लागला. एका जागी खर्जाची तार अशी उघडली, की तिच्या पोटातून गंधार स्पष्ट उमटला. कुणी न छेडलेला, तारेनं आपणहून दिलेला गंधार. "आता बोलली," तो म्हणाला आणि दुसऱ्या तारेकडे वळला. भोपळ्यावरच्या हस्तिदंती रंगाच्या वेलबुट्टीकडे मी तोवर दहादा पाहिलं होतं. त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद झाला. पण त्या कागदावर जे लिहिता येत नाही ते या माणसाच्या कानात आहे, आणि हा कान त्याला त्याच्या वडिलांच्या शेजारी बसून, "बंद आहे, बंद आहे" असं वर्षानुवर्षं ऐकून आला आहे. गुरुजींच्या घरातलं "नाही, नाही" आणि हे "बंद आहे" यांत मला काहीच अंतर वाटत नाही. याच मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, १९३७ साली गेल्यावर इथल्याच ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले, आणि आजही उरुसात गवई तिथे हजेरी लावून जातात. त्या आवारात गायचं म्हणजे सेवा. बिदागीचा हिशेब तिथे मनात येत नाही, आणि म्हणूनच तिथे गाताना भल्याभल्यांना धाकधूक असते. समोर बसलेल्यांत कुणाचा कान कसला आहे ते सांगता येत नाही.

शास्त्रीय गवयांपुरतीच ही गोष्ट आहे असंही नाही. चारच दिवसांपूर्वी एकादशी झाली. पौर्णिमेला गोपाळकाला होऊन पालख्या परतीला लागतात. दिंडीतल्या भजनात कुणी एकटा फार चांगला गातो याचं कौतुक असतं, पण ते दुसऱ्या नंबरावर. पहिला प्रश्न असतो, टाळ एक पडतात का? चाल उचलली गेली का? पन्नास टाळकरी, अंगावर पाऊस, रस्त्यावर चिखल, आणि टाळ एक पडतो. पखवाजी धुमावर कणीक थापतो, बोटानं दाबून, थोडी काढून, थोडी लावून, वीणेकऱ्याच्या सुराकडे कान देत. पावसाळी हवेत ती कणीक सैलावते, सूर उतरतो, आणि तो चालता चालता पुन्हा जुळवून घेतो. चांगला पखवाजी कोण, असं एका जुन्या माळकऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "ज्याच्यामुळं दमलेला माणूस नाचतो तो." त्यानं शास्त्र शिकलेलं नव्हतं, पण निवाडा मला पटला.

या कानांनी चुकाही केल्या आहेत, आणि गुरुपौर्णिमेच्या भक्तिभावात त्या झाकू नयेत. हार्मोनियममध्ये मींड नाही, श्रुतींना जागा नाही, हा आक्षेप खराच. त्या आक्षेपावर बोट ठेवून आकाशवाणीनं १९४० साली पेटीला दार बंद केलं आणि ते तीन दशकं बंद राहिलं. पण त्याच पेटीवर गोविंदराव टेंब्यांनी भास्करबुवांना जी साथ केली ती ऐकलेल्यांनी कधी पेटीची उणीदुणी काढली नाहीत. नियमानं दिलेला निकाल एक होता, प्रत्यक्ष ऐकून दिलेला दुसरा. पुढे १९५० च्या दशकात आकाशवाणीनं कलावंतांच्या चाचण्या घेऊन श्रेणी लावायला सुरुवात केली, तेव्हाही नावाजलेल्या, घराण्यांत वाढलेल्या कलावंतांत मोठा असंतोष उसळला. परीक्षक विद्वान होते, यात शंका नाही. पण ज्याचं गाणं पहाट होईस्तोवर उलगडत जायचं, त्याला काही मिनिटांत तोलायचं कसं?

आणि बायकांवर झालेला अन्याय तर याहून खोल आहे. गोव्याच्या देवळांशी बांधलेल्या घरांतून केसरबाई आल्या, मोगूबाई आल्या. एकेका रागासाठी त्यांनी जे सोसलं, गाव सोडलं, तालीम मध्येच तुटली की पुन्हा नवं दार ठोठावलं, ते पुरुष गवयांच्या वाट्याला क्वचितच आलं असेल. पुरुषाला बुवा, पंडित, खाँसाहेब, त्यांना बाई. गाणं ऐकताना माना डोलवणारे लोक त्यांना घरी जेवायला बोलवायला कचरत. तरीही जाणकारांच्या बैठकीत केसरबाई षड्ज लावीत तेव्हा समोरच्या खाँसाहेबांना सावरून बसावं लागे. कानानं मान्य केलं ते समाजानं मान्य करायला पुढे फार वर्षं घेतली. कानाचा निवाडा त्या काळी इतर निवाड्यांपेक्षा प्रामाणिक होता, एवढंच म्हणता येईल, आणि तेही सगळ्या कानांबद्दल नाही. अनवट रागाची चीज शिष्यापासूनही लपवणारे उस्ताद होते, आणि ती त्यांच्याबरोबरच गेली.

आता आपल्याकडे मापं पुष्कळ आहेत. संगीत परीक्षांचे गुण आहेत. दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धांचे निकाल आहेत. चित्रफीत किती लाख लोकांनी पाहिली याचा आकडा आहे. यांतलं काहीच मी वाईट म्हणणार नाही. विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं नसतं आणि पुढे गावोगाव परीक्षा झाल्या नसत्या, तर मध्यमवर्गीय घरांतल्या मुली तंबोरा घेऊन बसल्या नसत्या. ध्वनिमुद्रिकेचं ऋण तर सांगायलाच नको : गदगमधल्या एका मुलानं अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि गुरूच्या शोधात घर सोडलं. भीमसेन जोशी तेव्हा अकरा वर्षांचे होते. तबकडीनं त्यांचा कान जागा केला. पण कान घडला तो पुढे कुंदगोळला, सवाई गंधर्वांच्या घरी पाणी भरत, तोडी, मुलतानी आणि पूरिया या तीनच रागांत वर्षं घालवत. तीन राग! आज एका वर्षाच्या अभ्यासक्रमात त्याहून अधिक असतात.

मला सलते ती ही गोष्ट. पूर्वी शिष्य मागे तंबोऱ्यावर बसायचा. गुरूच्या गाण्यात त्याला गायला मिळायचं एखाद्या वेळी, पण ऐकायला मिळायचं तीन-तीन तास, आणि हातातल्या तारा क्षणभर उतरल्या तर गुरूची मान वळायची. आता मोबाइलमधला तंबोरा वाजतो. तो उतरत नाही, म्हणून कुणाचा कान त्याच्याकडे लागतही नाही. ध्वनिक्षेपकाच्या वेळांचे नियम आले आणि पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या स्मृतीत भरणाऱ्या महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या बैठकाही सरल्या. शांत झोपेचा हक्क रास्तच आहे. पण मध्यरात्रीनंतरचे राग त्यांच्या वेळी ऐकायची संधी त्याबरोबर गेली, आणि पहाटे तीनला ललत कसा उमटतो हे ज्यानं ऐकलंच नाही तो त्याची पारख कशाशी ताडून करणार? तानसेन होता आलं नाही तर कानसेन व्हावं, असं आपण सहज म्हणतो. कानसेन होणं सोपं आहे, असं त्या म्हणीत कुठेही म्हटलेलं नाही.

गाण्याच्या वर्गांत आज मुलांची गर्दी आहे, पालक पैसे आणि वेळ दोन्ही देतात, हे मोठं भाग्य. त्यांना माझी एकच विनंती आहे. मूल पहिल्या वर्षी स्टेजवर काय गाईल हे विचारू नका. ते काय ऐकतं, कुणाशेजारी बसून ऐकतं, खरा तंबोरा त्याला जुळवता येऊ लागला का, हे विचारा. आणि ज्या गुरुजींनी टाळ्यांच्या गजरात "नाही" म्हटलं त्यांच्यावर रागावू नका.

त्या मुलीवर मीही तेव्हा जरा हळहळलो होतो. परवा, दोन वर्षांनी, त्याच घरी पुन्हा गेलो. तीच सतरंजी, तोच फोटो. तिची पाळी आली. ती बसली, डोळे मिटले, षड्जासाठी तोंड उघडलं आणि थांबली. मागच्या मुलाच्या हातून तंबोरा घेतला. जोडीतल्या एका तारेचा मणी किंचित सरकवला, ऐकलं, मान हलवली, पुन्हा सरकवला. मला ती तार आधीही सुरातच वाटत होती. लोक वाट पाहत होते, कुणीतरी खोकलं. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. चौथ्या-पाचव्या खेपेला दोन्ही तारा एकमेकींत मिसळून गेल्या, तसं भिंतीशी टेकून बसलेले गुरुजी सरळ झाले आणि म्हणाले, "हं. गा आता."